ओळीवर बोट

आमच्या शाळेत इंग्रजीच्या सरांशेजारी बसून डबा खाणं म्हणजे कोर्टात साक्ष देण्यासारखं होतं. तुम्ही सहज म्हणावं, "आज ऊन फार आहे बाई," की हे पोळीचा घास हातात धरून विचारणार, "कालच्यापेक्षा?" आता कालचं ऊन कोण बांधून ठेवतं? पण सर घास खाली ठेवून वाट बघत बसायचे. शेवटी आपणच वैतागून म्हणायचं, "जाऊ द्या सर, ऊन नाही, मीच तापले आहे." मग ते खूश. "हे चालते. हे तुमचं तुमाले माहीत आहे."

झरी जामणी तालुक्यातली आमची शाळा. पाचवी ते दहावी. पोरं आजूबाजूच्या गावांतून आणि जंगलातल्या वस्त्यांवरून एसटीनं येतात, एसटी आली तर. मी यवतमाळ शहरात वाढलेली, मराठी शिकवते, आणि त्या वर्षी सातवीची वर्गशिक्षिका होते. सर सातवीला इंग्रजी शिकवायचे. उंच, काटकुळे, मान जरा पुढे, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट कायम खडूनं पांढरं. ते बोट पुसलेलं मी कधी पाहिलं नाही. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशावर त्या बोटाचा ठसा असायचा. त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "मॅडम, साबण थकला, मी थकली, पन हा खडू काही जात नाही."

धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं पोरं कशी लिहितात हे शिक्षकाला सांगायला नको. प्रश्नात 'म्हातारा' आणि 'दार' हे शब्द आले की धड्यात 'म्हातारा' आणि 'दार' कुठे आहेत ते हुडकायचं, आणि ती ओळ जशीच्या तशी वहीत उतरवायची. समजलं काय, ओ की ठो नाही. तरी पैकीच्या पैकी मार्क. आम्ही सगळे असंच शिकलो आणि असंच शिकवलं. सर मात्र प्रश्न विचारायच्या आधी पोरांना पुस्तक मिटायला लावायचे. उत्तर आधी तोंडानं सांगायचं, वऱ्हाडीत सांगितलं तरी चालेल. मग पुस्तक उघडायचं आणि ज्या ओळीवरून उत्तर काढलं तिच्यावर बोट ठेवायचं. "बोट कुठं?" हा त्यांचा मंत्र. वर्गाबाहेरून गेलं तर आतून तेवढंच ऐकू यायचं. "बोट कुठं? बोट कुठं?"

त्यांच्या हिशेबात उत्तरं तीन जातींची. पहिलं ओळीतलं. दुसरं ओळीमागचं, म्हणजे लिहिलेलं नाही पण दोन ओळी एकत्र ठेवल्या की दिसतं. आणि तिसरं, जे धड्यात कुठेच नाही. ते फक्त लेखकालाच विचारता येतं. तिसऱ्या जातीचा प्रश्न आला तर पोरांनी इंग्रजीत लिहायचं, 'हे गोष्टीत सांगितलेलं नाही.' सर त्याला पूर्ण मार्क द्यायचे.

एकदा एका पोरानं विचारलं, "सर, लेखक मेला असन तं?"

"तं चूप बसायचं," सर म्हणाले. "मेलेल्या माणसाच्या तोंडात आपले शब्द कोंबायचे नाही."

याच पायी एकदा मोठी गंमत झाली. बाहेरून आलेल्या पेपरात प्रश्न होता, राजवाड्यात पोचल्यावर राजकन्या आनंदी झाली का? आमच्या अख्ख्या सातवीनं लिहिलं, 'हे गोष्टीत सांगितलेलं नाही.' पेपर तपासणाऱ्यानं सगळ्यांना भोपळा दिला. हेडसरांनी सरांना बोलावलं. मी तिथेच हजेरीचं बघत होते, त्यामुळे सगळा तमाशा फुकटात पाहायला मिळाला.

"अहो, पोरं नापास झाली असती न!"

"झाली का?"

"नाही झाली, पन..."

"मंग?" सरांनी पुस्तक पुढे सरकवलं. "सर, तुमी मले ओळ दाखवा. मी उद्यापासून गाइड घेऊन शिकवतो."

हेडसर इतिहासाचे. त्यांनी चष्मा लावला आणि तो धडा उभ्या उभ्या वाचायला घेतला. वाचता वाचता खुर्चीत बसले. शेवटच्या ओळीपर्यंत आले, पान उलटून मागेही बघितलं. धडा राजवाड्याच्या दारातच संपला होता. "च्यामारी," हेडसर म्हणाले, "ते आतच गेली नाही!" मला इतकं हसू आलं की मी हजेरीपट तोंडावर धरला.

पण हा माणूस शाळेपुरता असता तर बरं होतं. लग्नाची पत्रिका हातात पडली की हे ती धड्यासारखी वाचायचे. खाली ते असतं ना, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं,' आणि कुणा लहान बाळाचं नाव? आमच्या शिपायाच्या मुलाच्या लग्नात सरांनी मांडवभर फिरून ते बाळ शोधलं. आजीच्या मांडीवर तोंडात मूठ घालून झोपलं होतं, अजून बसताही येत नसेल. सर त्याच्यापुढे वाकले आणि गंभीरपणे म्हणाले, "बोलावलं, म्हणून आलो बाप्पा." आजी इतकी हसली की बाळ दचकून उठलं आणि मांडव डोक्यावर घेतलं. काकूंनी तिथूनच यांना जेवणाच्या पंगतीकडे ओढत नेलं.

काकूही काही कमी नव्हत्या. त्या रुसल्या की बोलायच्या नाहीत. सर विचारायचे, "काय झालं? रागावली का?" तर कणीक मळता मळता म्हणायच्या, "धड्यात दिलेलं नाही." हे सरांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं. आता सर निवृत्त होऊन बाभुळगावला मुलाजवळ राहतात. फोन केला आणि "कसे आहात?" विचारलं की उलट विचारतात, "कोन्त्या बाबतीत?" मी फोन ठेवायची धमकी दिली की मग नीट बोलतात.

हे खूळ कुठून आलं असं मी त्यांना एकदाच विचारलं. पावसाळ्याचे दिवस होते, एसटी आली नव्हती, आम्ही दोघं शाळेच्या ओट्यावर बसलो होतो. मी आपलं चिडवायला म्हणून विचारलं होतं. ते एकदम हळू आवाजात बोलले.

"माह्या आज्याले जिंदगीभर सांगतलं, तुमी बाहेर बसायचं. काहून? तं तसं लिहेल आहे. कुठं लिहेल आहे हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारून काय करन? वाचताच येत नव्हतं. मंग दीक्षा घेतली, अन् म्हातारपणी माह्या बाजूले बसून अक्षरं गिरवाले लागला. पहिलं वाक्य वाचलं तवा मले म्हणे, बाबू, आता कोनी म्हणलं लिहेल आहे, तं म्हणजो, दाखव."

त्या दिवसानंतर त्यांच्या "बोट कुठं?"ला मी कमी वैतागले. वैतागले, पण कमी.

सातवीत आचल नावाची मुलगी होती. बारीक चणीची, लाल रिबिनीच्या दोन वेण्या, आणि नाकावर राग. वडील जंगल खात्याच्या रोपवाटिकेत मजूर, आई कापूस वेचायला जायची. वर्गात सरांशी भांडू शकणारी ती एकटी. धडा होता एका म्हाताऱ्याचा. शेजारीण दार ठोठावते, म्हातारा उघडत नाही. प्रश्न, त्यानं दार का उघडलं नाही? गाइडमध्ये उत्तर तयार, कारण तो गर्विष्ठ होता. अर्ध्या वर्गानं तेच म्हटलं. आचल उभी राहिली.

"नाही सर. त्याचे गुडघे दुखत असन. उठता नसन येत."

"बोट कुठं?"

तिनं पानं उलटवली आणि बोट टेकवलं. "हे पाहा. पयल्यांदी तो खुर्ची धरून उभा राह्यते. अन् इथं भांडं पडते तं उचलत नाही, पायानं सरकवते. माह्या आजीचं असंच आहे."

सरांनी हातातला खडू तिला देऊन टाकला आणि स्वतः तिच्या बाकावर जाऊन बसले. "आता पुढचा धडा तू शिकव. मी थकलो." त्या दिवशी ते स्टाफरूममध्ये आले ते नाचतच. प्रत्येकाला धरून सांगत होते, "गुडघे वो मॅडम, गुडघे! मले इतक्या वर्सांत नाही दिसले."

दिवाळीनंतर आचल शाळेत यायची बंद झाली. दोन-चार दिवस मला वाटलं ताप असेल. मग तिच्या गावच्या मुली कुजबुजल्या. आचलला कुणा पोराच्या मोटरसायकलवर बसलेलं पाहिलं. फाट्यावरच्या पानठेल्यावाल्यानं तिच्या बापाला सांगितलं आणि बापानं शाळा बंद केली. आता तिला पलीकडे तेलंगणात मावशीकडे पाठवणार. तिथे कामाला लावणार, आणि वर्षा-दोन वर्षांत स्थळ बघून मोकळे होणार.

स्टाफरूममध्ये चर्चा सुरू झाली. एक म्हणाले, आजकालच्या पोरी. दुसरे म्हणाले, मोबाइलचा परिणाम. सर कोपऱ्यात होते. ते उठले आणि एवढंच म्हणाले, "आजकालच्या पोरी, हे कोन्त्या ओळीत आहे?" मग माझ्याकडे वळले. "मॅडम, रविवारी चालता का?"

रविवारी मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून निघाले. सर गाडी अशी चालवत की सायकलवाले पुढे जात होते. फाट्यावर पानठेल्यापाशी थांबलो. ठेल्यावाला चुना लावत होता.

"कोनं पाह्यलं तिले गाडीवर?" सरांनी विचारलं.

"म्याच पाह्यलं न सर. माह्या डोळ्यानं."

"कुठून पाह्यलं?"

"इथूनच. गाडी गेली अन् मी मान वर केली."

"म्हणजे मांगून."

"आता गेलेली गाडी मांगूनच दिसन न सर! पुढं हेल्मेट, मांग हे पोरगी. लाल रिबिनी."

"पुढून पाह्यली का गाडी?"

"नाही बा."

"मंग धडा अर्धाच वाचला तुमी," सर म्हणाले. ठेल्यावाल्यानं माझ्याकडे बघितलं, म्हणजे यांना काही झालंय का. मी मान हलवली, म्हणजे हो, पण माणूस चांगला आहे.

आचलच्या घरापुढे शेणानं सारवलेलं अंगण होतं. बापानं बाज टाकली, आईनं पाणी दिलं. आचल आतल्या दाराला टेकून उभी होती. वेण्या नव्हत्या, केस तसेच मागे बांधलेले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, सरांकडेही नाही.

मी बोलायला सुरुवात केली. पोरगी हुशार आहे, सातवी मधेच सोडवू नका, असं जे आपण बोलतो ते सगळं बोलले. बाप शांतपणे ऐकत होता. माणूस वाईट नव्हता हो. रोपवाटिकेतली माती नखांत बसलेली, आवाज खाली.

"मॅडम, तुमचं बराबर आहे," तो म्हणाला. "पन गावात मले तोंड दाखवा लागते. लोक बोलून राह्यले. उद्या काही झालं तं कोन येईन?" मग तो सरांकडे वळला. "सर, आचल तुमचं लई नाव घेते. तुमी एक सांगा. माह्या पोरीनं काही केलं नाही, हे तुमी छातीवर हात ठेवून सांगता का? तुमी म्हणा. मी उद्या तिले बसमधी बसवून देतो."

झालं! देवानं दार उघडलं, असं मला वाटलं. आता फक्त "नाही केलं" एवढं म्हणायचं होतं. कुणीही म्हटलं असतं. मी तर शपथेवर म्हटलं असतं. मी सरांकडे बघितलं. ते आपल्या पांढऱ्या बोटाकडे बघत होते.

"मले माहीत नाही," सर म्हणाले.

मला असा राग आला की बोलायची सोय नाही. अहो, पोरीचा जन्म जातोय आणि हे इथे सत्याची पूजा मांडून बसलेत! मी पायानं त्यांचा पाय दाबला. चांगला जोरात दाबला. आईनं पदर तोंडाला लावला. बाप म्हणाला, "पाहा. मास्तरालेही खातरी नाही," आणि उठायला लागला.

"बसा," सर म्हणाले. "मले माहीत नाही, कारण मी तिथं नव्हतो. ठेल्यावाल्यालेही माहीत नाही, त्यानं पाठ पाह्यली. तुमालेही माहीत नाही. आमी वर्गात असा प्रश्न आला तं म्हणतो, लेखकाले विचारा. अन् मंग चूप बसतो, कारण लेखक कुठं भेटते? इथं तं भेटून राह्यली. तुमच्या दारात उभी आहे. इतक्या दिवसात तिले कोनी विचारलं का?"

मला बसल्या बसल्या कळलं की मीही विचारलं नव्हतं. मुलींना विचारलं, स्टाफरूममध्ये ऐकलं, आणि पोरीसमोर येऊन भाषण ठोकलं होतं.

बाप परत खाली बसला. मग मान न वळवता म्हणाला, "आचल. बसलती का तू गाडीवर?"

"हो. बसलती."

आईनं डोळे मिटले.

"कोनाच्या?"

"रेणूच्या भावाच्या. तो रेणूले घ्याले आलता. बस आली नव्हती." तिचा आवाज कापत होता, पण ती बोलत होती. "रेणू मंधात बसलती. मी तिच्या मांग. फाट्यापासून आपल्या वळणावर सोडलं त्यानं, अन् ते दोघं पुढं गेले."

रेणू म्हणजे तिच्याच वर्गातली. पहिल्या बाकावर बसणारी इवलीशी पोर, पुढच्या गावची; तिलाही कुणी काही विचारलं नव्हतं. ती दोघांच्या मधे बसली तर मागून तिचं नखही दिसणार नाही.

"रेणू होती?" बाप एकदम वळला. "मंग हे मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी विचारलं कुठं, बाबा?" आचल म्हणाली, आणि आता तिला रडू फुटलं. "तुमी घरी आले अन् म्हणले, शाळा बंद. माह्याशी कोनी बोललंच नाही."

बाप रागावला असता तर बरं वाटलं असतं, तसा त्याचा चेहरा झाला होता. मला वाटलं आता सर "पाहा, अर्धा धडा" असं काहीतरी म्हणतील, पण ते बाजेच्या काठावर अंग चोरून बसले होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

"बस नव्हती तं रोज थांबता न तुमी," बाप म्हणाला. "त्या दिवशीच काहून बसली?"

आचलनं ओढणीनं नाक पुसलं. या प्रश्नाचं उत्तर तिला जड जात होतं, हे दिसत होतं. मग ती खाली बघून म्हणाली, "बसून पाहायचं होतं."

"काय?"

"मी कधी बसली नव्हती, बाबा. सगळ्या पोरी बसतात. मले बसून पाहायचं होतं."

आमच्यापैकी कुणीही हे उत्तर कधी धरलं नसतं. आम्ही मोठ्यांनी काय काय धरून ठेवलं होतं, आणि त्या पोरीला फक्त गाडीवर बसून बघायचं होतं.

बापानं मातीच्या हातानं कपाळ चोळलं. मग त्यानं पोरीकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"मंग?" तो म्हणाला. "कसं वाटलं?"

आचलनं मान वर केली. बाप थट्टा करतोय की खरंच विचारतोय, हे ती त्याच्या तोंडावर शोधत होती. मग सापडलं असावं. रडकं तोंड तसंच ठेवून ती हसली.

"लई मस्त, बाबा. वारा असा लागते न, डोळेच उघडत नाही."